टोपाच्या बुडाची माती

"ए, हात नको लावूस. खराब करशील," सर म्हणाले.

टोप माझ्या आईचा होता. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, काठ चेपलेला. आमच्या तारोडी गावाहून मीरा रोडला, कलावर्गाच्या प्रदर्शनात मीच तो पिशवीत घालून आणला होता. सरांनी बजावलं होतं, घासून आणू नकोस. आईला लाज वाटली. "न घासता कसा न्हेतस गो? आनि सांजला परत आन, कालवन करायचं हाय."

शेजारी काचेच्या पेटीत तसाच टोप, तांब्याचा. माझ्या वर्गमैत्रिणीनं घडवलेला. आईच्या टोपाखाली चिठ्ठी होती: 'संदर्भ'.

मैत्रीण शहरात, इंद्रलोकच्या इमारतींत राहायची. एकदा आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा तिनं हा टोप चुलीवर पाहिला. मीही दोन महिने पत्रा ठोकून तसाच टोप घडवला होता. सरांनी माझा बाजूला सारला. "हे घरातलं भांडं झालं. कला कुठेय?" तिचा मात्र दारासमोर. मी जळले. खोटं कशाला बोलू? तिच्या इंग्रजीवर जळले, तिच्या वडिलांनी घेऊन दिलेल्या पॉलिश मशीनवर जळले, तिच्या न भाजलेल्या बोटांवरसुद्धा.

पाहुणे आले. नवे कॅमेरेवाले मोबाइल निघाले. तिनं तांब्याच्या बुडावर काळपट, खरखरीत पापुद्रे चढवले होते. तेच दाखवून ती सांगत होती, "ही वर्षानुवर्षांची घाण आहे. त्या बाईला भांडं घासायलाही वेळ मिळत नाही."

सरांनी मला पुढे ओढलं. "ही त्याच घरची. सांग ना, असंच असतं ना तुमच्याकडे?"

पुढच्या प्रदर्शनात मला जागा देतो, असं सर म्हणाले होते. ती जागा मला हवी होती. फार हवी होती. तोंडात 'हो' आलंसुद्धा.

"नाही," मी म्हणाले. "ती घाण नाही, माती आहे. चुलीवर ठेवायच्या आधी आई रोज बुडाला ओली माती फासते. म्हणजे काजळी टोपाला धरत नाही."

मी रुमाल ओला केला आणि सगळ्यांसमोर आईच्या टोपाचं बूड पुसलं. माती निघाली. खालचा पत्रा लख्ख होता.

"रेफरन्स घालवलास!" सर ओरडले.

"टोप न्यायचाय," मी म्हणाले. "घरी कालवण व्हायचंय." आणि उचलून निघाले.

पुढच्या प्रदर्शनातली जागा तिला मिळाली. तिचं नाव छापून आलं, तेव्हा मी तो कागद चुलीत घातला. हेवा आजही वाटतो. तो गेला असं सांगून मी मोठी होणार नाही.

जागा मला अजून हवी आहे. पण आईला घाणेरडी ठरवून नको. माझ्या हातच्या टोपाच्या बळावर घेईन, नाहीतर घेणार नाही.