तीन फायली आणि समोरच्या काकूंचा फोन

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर, माझा कॉम्प्युटर क्लास होता. जागा इतकी ऐसपैस की माउस उजवीकडे न्यायचा तर कोपर खिडकीबाहेर काढावं लागे, आणि खालचे रिक्षावाले आपल्यालाच हात दाखवला समजून थांबत.

तिथे ती आली. जवळच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून दृष्टी नाही, आणि आवाज असा की तिने 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा माणूस उभा राहून शर्टाची बटणं लावी.

"मास्तर, आमच्याकडे नंबरांसाठी कॉम्प्युटर आलाय," ती म्हणाली. "माझी ब्रेलमधली वही गेली रद्दीत. शनिवारी साहेब चाचणी घेणार. नाही जमलं तर पाकिटं चिकटवायच्या टेबलावर. सोळा वर्षं बसलेय रे मी त्या खुर्चीत."

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम तिला कोणी मिळवून दिला होता. पण फोन नंबर दिसला की तो "फाइव्ह मिलियन फोर हंड्रेड..." अशी आरती सुरू करी.

"हा नंबर सांगतोय की ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या?" ती म्हणाली.

त्याला वळण लावायचं तर स्क्रिप्ट, म्हणजे काय कसं वाचायचं याच्या सूचना, लिहायची. मी जन्मात लिहिली नव्हती, म्हणून लगेच "डाव्या हाताचं काम" म्हणालो. अंक सुटे सुटे वाचणारा एक तुकडा, म्हणजे फंक्शन, लिहिलं. कचेरीतल्या खात्यांच्या यादीत झकास चाललं. पण बाहेरच्या नंबरांची यादी वेगळी, तिच्या स्क्रिप्टची फाइल वेगळी. तिथून त्या फंक्शनला हाक मारली तर मशीन म्हणे, हे कोण? आपली ओळख नाही. तिसऱ्या, तक्रारींच्या यादीतही तेच. मग मी ते फंक्शन तिन्ही फायलींत उतरवून काढलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

गुरुवारी ती म्हणाली, "तीन अंकांनंतर जरा थांबव त्याला. पलीकडे माणूस लिहून घेत असतो." मी थांबवलं.

शुक्रवारी तिच्या टेबलावर रंगीत तालीम. पहिल्या यादीत मशीन शहाण्यासारखं थांबलं. दुसरीत थांबा घालायलाच मी विसरलो होतो, तिथे ते कुत्रं मागे लागल्यासारखं पळालं. तिसरीत उतरवताना मी एक ओळच खाल्ली होती, त्यामुळे पुन्हा लोकसंख्या.

ती खुर्चीच्या हातावरून नुसती बोटं फिरवत राहिली. तिच्या शिव्या मला परवडल्या असत्या.

"काय केलंयस, खरं सांग," शेवटी ती म्हणाली. मी सांगितलं.

"तुझं कार्ड मी वाचून घेतलंय. त्यावर डोंबिवलीचा नंबर कोणाचा आहे?"

"आमच्या घरासमोरच्या काकूंचा. पुढे पीपी लिहिलंय." तेव्हा घरी फोन यायला वर्षं लागत, तोवर शेजाऱ्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं, अशी रीतच होती.

"मग घरोघरी काकूंच्या फोनच्या नकला करून ठेवल्यात का? फोन एका घरात. बाकीच्यांनी तो कोणाकडे आहे एवढंच लिहायचं. तुझ्या फायलींना पीपी लिहिता येत नाही?"

मी मॅन्युअल उघडलं. येत होतं! फंक्शन एकाच सामाईक फाइलीत ठेवायचं. त्याचं नाव काय, त्याला काय पुरवायचं ते तिथे जाहीर करायचं. आणि बाकीच्या फायलींच्या डोक्यावर 'अमुक फाइल वापर' अशी एक ओळ. नकला पुसल्या, ओळी लिहिल्या. तरी मशीन म्हणे, ओळख नाही.

"काकू गावाला गेल्यात का बघ," ती चेष्टेत म्हणाली.

आणि खरंच! सामाईक फाइल लिहिली होती, पण कंपाइल करायची, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात बदलायचीच राहिली होती. दाराला कुलूप आणि आम्ही बेल वाजवतोय. ती कंपाइल केली, मग बाकीच्या. तिन्ही याद्या एका सुरात बोलल्या.

शनिवारी अकराच्या सुमारास मी घरी असताना काकूंनी हाक मारली. ती हाक कल्याणच्या खाडीवरही पोचली असणार. "अरे, तुझा फोन! बाई आहे!" अख्ख्या मजल्याची दारं उघडली. मी एकाच चपलेत धावलो.

"साहेबांनी गुपचूप एक नंबर बदलून ठेवला होता," ती सांगत होती. "मशीनने वाचला, अगदी थांबत थांबत. मी म्हटलं, साहेब, कालपर्यंत हा वेगळा होता. मुद्दाम बदललात ना?"

"मग?"

"मग काय? पाकिटं चिकटवायला दुसरं कोणी शोधतायत."

मी नम्रपणे आभारांची वाट बघत उभा राहिलो.

"आता काकूंना फोन दे," ती म्हणाली. "आभार त्यांचे मानायचेत."