धारपाड्याचा किसन

मी नाशिक शहरातला, सपाटीवरचा माणूस. पोस्टिंग मिळाली तेरा हजार फुटांवरच्या चौकीत. मी सेक्शन कमांडर, म्हणून जवानांचा 'उस्ताद'. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक किसन होता, हरसूलकडच्या धारपाड्याचा.

सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, आठला चहा, मग बर्फ उपसणं. चहा पिताना किसन गावाचा इतिहास सांगायचा. आम्ही चिडवायचो, "पंचवीस उंबऱ्यांचं गाव, अन् इतिहास केवढा!"

तो म्हणायचा, "उस्ताद, पाडा आधी खाली ओहळाकाठी व्हता. पुरानं नेला. धुक्यात डोंगराच्या धारेनं वर गेले तेवढेच जगले. तवापासून धुक्यात आम्ही धार सोडत नाय."

त्या दिवशी नऊला पेट्रोलिंगवर निघालो. दहा वीसला ढग उतरले. हातभर अंतरावरचं दिसेना.

मी म्हणालो, "किसन, तू डोंगरातला. तूच पुढे हो."

"जी, उस्ताद."

सवयीने तो अगदी धारेने निघाला. बर्फात धार फसवी असते. वाऱ्याने कड्याबाहेर बर्फाचा छज्जा साचतो, त्याच्याखाली नुसती पोकळी. ट्रेनिंगमध्ये हे मला शिकवलं होतं. तरी गप्प बसलो. म्हटलं, डोंगरातल्याला मी काय शिकवणार! छज्जा तुटला. आम्हाला एकमेकांशी बांधणारा दोर खडकावर घासून तुटला.

रेडिओवर कळवलं, "एक जवान दरीत गेलाय. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

नाव न घेता मी त्याचा नंबर सांगितला.

त्याच्या घरी पाठवलेल्या पत्रात मी 'हवामान खराब होतं' एवढंच लिहिलं. खोटं कशाला बोलू, भ्यालो होतो.

रिटायर झाल्यावर किसनच्या आईचा निरोप आला. धारपाड्यात गेलेल्याच्या नावाचा दगड बसवतात. पण शेवटी जो जवळ होता, त्याने आधी चारचौघांत खरं सांगायचं, अशी तिथली रीत. तोवर दगड आडवा. किसनचा दगड चार वर्षं तिच्या अंगणात पडून होता.

गेलो. सारा पाडा जमला होता. म्हणालो, "मावशी, त्याला पुढे मीच घातलं. धोका मला ठाऊक होता, तरी बोललो नाही."

वाटलं, हाकलतील. हाकललं असतं तर बरंच वाटलं असतं.

मावशीने दगडावर हात ठेवला.

"धारेनं चालाय त्याला मीच शिकवलं," ती म्हणाली. "ऊठ, तिकडून धर."

दगड जड होता. आम्ही दोघांनी मिळून तो उभा केला.