जैसे थे बाई

शाळेत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. समोर असल्या की ‘बाई’, आणि पाठ वळली की ‘जैसे थे बाई’. त्या कवायत शिकवत. एखादी आज्ञा चुकीची गेली किंवा रांगेतलं कुणी भलतीकडेच वळलं, की खणखणीत आवाजात म्हणत, “जैसे थे!” मग सगळ्यांनी आधीच्या जागी यायचं आणि चूक झालीच नाही असं धरून पुन्हा सुरुवात करायची. शिक्षा नाही, बोलणी नाहीत. शब्द त्यांनी मैदानापुरता ठेवला नव्हता. चष्म्याचं दुकान चालवणारा नवरा आमटीला नावं ठेवायला तोंड उघडायचा, तर या पळी रोखून म्हणत, “जैसे थे!” आणि तो बिचारा “फक्कड झालीय” म्हणत पुढचा घास घ्यायचा. जाऊबाईंशी एकदा चांगलंच वाजलं, तेही याच दोन शब्दांत मिटलं. “बरंय बाई तुमचं,” जाऊबाई म्हणाल्या होत्या, “भांडण पण शिट्टी वाजवून थांबवता!”

हा शब्द त्यांना एका सिनेमानं दिला होता. कॉलेजात असताना वडिलांबरोबर पाहिलेला, काळापांढरा, चांगला लांबलचक. लष्करी विद्यालयातल्या, चूक झाली की ‘जैसे थे!’ म्हणणाऱ्या एका कवायत-उस्तादाची गोष्ट. नालबंदाचा हा पोरगा घोड्यांना नाल मारायला म्हणून तिथं येतो आणि जन्मभर तिथलाच होऊन जातो. मैदानाच्या डाव्या अंगाला तबेले, तबेल्यांपलीकडे त्याचं दोन खोल्यांचं घर. बायको पोरांची तुटलेली बटणं लावून देते, ताप आला तर उशाशी बसते. स्वतःचं मूल नाही. पोरं येतात, मिसरूड फुटलं की जातात, काही परत येतच नाहीत. मग एका हिवाळ्यात बायकोही जाते. आणि शेवटी उस्तादाचं शेवटचं संचलन. पाहुणे उजवीकडे मांडवात बसलेले. उस्तादानं म्हणायचं असतं, “उजवीकडे वळ.” पण भरल्या डोळ्यांनी तो म्हणतो, “डावीकडे वळ!” आणि सगळी तुकडी, एकही जण न चुकता, डावीकडे वळते. मांडवातली मंडळी बघत राहतात आणि पोरं त्या बंद घराला सलामी देत निघून जातात.

बाईंचे वडील एरवी दगड फुटला तरी न हलणारे. त्या दिवशी रुमालासाठी सगळे खिसे चाचपत होते. बाईंनी थिएटरबाहेर येऊन सांगून टाकलं, “मी कवायतच शिकवणार.” आणि शिकवलीही. सिनेमा त्यांनी पुढं किती वेळा पाहिला याचा हिशोब नवऱ्यानं सोडून दिला होता. “आज तुझा म्हातारा आहे का?” एवढंच तो विचारायचा आणि रुमाल आणून ठेवायचा.

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. नववीचा कवायतीचा तास काढून गणिताला द्यावा, असा विषय निघाला. तो गेला की बाईंकडे उरणार होता तो फक्त लहान मुलांचा खोखो. गणिताचे सर तसे भले, पण जिभेला हाड नाही.

“बाई, डावं-उजवं शिकवायला नववीत कशाला हवं हो? ते बालवाडीत होतं.”

“सर, तुमच्याकडे इतकी वर्षं शिकूनही पोरांना उणे-अधिक कळत नाही, ते?”

शिक्षकांच्या खोलीत हशा झाला. बाईंनी तो विरू दिला आणि मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे वळून म्हणाल्या, “मी नववीला एक सिनेमा दाखवते. तास कशासाठी हवा ते तो सांगेल. मी वेगळं भाषण करणार नाही.”

“तो रडका?” सर म्हणाले. “अहो, पोरं अर्ध्या तासात एकेक करून पाणी प्यायला जातील ती परत यायची नाहीत.”

मोठ्या बाई हसल्या. “ठरलं तर. वर्ग शेवटपर्यंत जागचा हलला नाही, तर तास राहिला. हलला, तर गणिताला गेला.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. घरी नवरा म्हणाला, “अगं, आजकालची पोरं ती. काळंपांढरं बघून जांभया देतील.” बाई शांतपणे साडीला इस्त्री करत होत्या. “देऊ देत. जांभई द्यायला जागचं हलावं लागत नाही.”

दुपारी सभागृहाचे काळे पडदे ओढले. कॉम्प्युटरच्या ताईंनी प्रोजेक्टर लावला. मोठ्या बाई आणि सर मागच्या बाकावर. सुरुवातीला व्हायचं तेच झालं. उस्तादाच्या मिशा पाहून पोरं खिदळली, त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला तेव्हा कुणीतरी खोटाच हुंदका दिला. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी साधं ‘शूऽऽ’सुद्धा केलं नाही. हसणं हळूहळू आपोआप पातळ झालं. बायको गेल्यावर तिचा बटणांचा डबा रिकामा पडलेला दिसला तेव्हा तर पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग शेवटचं संचलन आलं. पडद्यावर उस्ताद गरजला, “सावधान!”

आणि नववीचा अख्खा वर्ग खाडकन उभा राहिला.

कुणी ठरवलं नव्हतं. पायांनाच सवय. उभं राहिल्यावर पोरं एकमेकांकडे बघून ओशाळली, पण बसायची आज्ञा तर कुणी दिली नव्हती! तेवढ्यात “डावीकडे वळ!” आलं, आणि निम्मी पोरं ओरडली, “चुकला! चुकला! जैसे थे म्हणा!”

सिनेमा संपला. दिवे लागले. बाईंचे डोळे नेहमीसारखेच भरलेले.

“वर्ग हलला,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं.

“हलला,” बाई म्हणाल्या. “पण पाणी प्यायला नाही हलला. पोरांनो, म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, म्हणून तो चुकला. आणि त्याची लाज राहावी म्हणून पोरांनी चुकीची आज्ञा पाळली. कवायत यासाठी शिकायची.”

“चुकला कसला?”

सगळ्यांनी मागं पाहिलं. गणिताचे सर उभे होते. नाक लालभडक.

“चुकला असता तर जैसे थे म्हणाला नसता का? जन्मभर तेच म्हणत आला ना? घर डावीकडे, बायको डावीकडे. त्यानं हवी ती आज्ञा दिली, आणि परत घेतली नाही. तुम्ही इतक्या वेळा बघितलात, बाई, आणि एवढं दिसलं नाही?”

बाई सरळ कॉम्प्युटरच्या ताईंकडे गेल्या. “ताई, जरा मागे घ्या. आज्ञा देतो तिथपर्यंत.”

इकडे सरांचं आणि मोठ्या बाईंचं जुंपलं होतं. “तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात, सर?” “मी गणिताच्या बाजूनं आहे. पण जो वर्ग आज्ञेनं उठला तो हलला असं नाही म्हणता येत. स्वतःहून एक तरी उठला का? सांगा.” मोठ्या बाईंनी हात टेकले. “ठेवा तो तास. माझं डोकं उठलं.” पोरांनी बाकं बडवली. “बाई! बाई, तास राहिला आपला!”

“गप्प बसा रे,” बाई म्हणाल्या. पदरानं त्यांनी डोळे कोरडे, अगदी कोरडे केले होते. पडद्यावर म्हातारा आज्ञा देऊन थांबला होता. ओठ मिटलेले. मान ताठ. मांडवाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“दरवेळी मी इथं रडत होते हो,” त्या सरांना म्हणाल्या. “दिसणार कसं? ताई, अजून एकदा घ्या.”