आमच्या साडूंचे चोवीस खण

अख्ख्या मावळ तालुक्यात आमच्या साडूंइतका डोक्याला ताप देणारा माणूस दुसरा नाही, हे मी गेली कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगत आलो आहे. जे कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही ते एवढंच, की या माणसाच्या हातून झालेली म्हणून जी एकुलती एक चूक घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ती त्यांची नाही, माझी आहे. ते सांगायचं म्हणजे आधी साडू कळायला हवेत, आणि साडू कळणं हे काही एका बैठकीचं काम नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. टपाल खात्यात एकतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली. म्हणजे समोर खणांची लाकडी मांडणी, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजव्या हातानं ज्याचं पत्र त्याच्या गावच्या खणात. एकही पत्र भलत्या खणात गेलं नाही, हा त्यांचा अभिमान. निवृत्त होऊन वडगावला राहायला आले आणि नेमका तेव्हाच मुलीनं त्यांच्या हातात मोबाइल दिला. दुसऱ्या कुणी त्यावर सकाळचे सुविचार पाठवले असते. यांनी त्यावर काहीतरी शोधलं, खाली निकालांची ही मोठी रांग बघितली आणि संतापले. एवढी डाक, आणि एकही खण नाही.

आठवड्याभरात सुतार गाठून त्यांनी चोवीस खणांची मांडणी करून घेतली आणि बाहेरच्या खोलीत, टीव्ही होता त्या जागी, ठोकली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं की भाऊ मोबाइलवर शोधायचे, आलेला एकेक निकाल पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी खणात टाकायचे. खण विषयांचे नव्हते. ‘विकणारे’, ‘घाबरवणारे’, ‘एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलेले’, ‘फोटो एक, जागा दुसरी’, ‘कधीच बंद पडलेले’ आणि सगळ्यात खाली उजवीकडे, बहुतेक वेळा रिकामा, ‘डोळे झाकून पाठवा’. मी एकदा म्हटलं, भाऊ, कशाला एवढा खटाटोप, जे सगळ्यात वर येतं ते चांगलं असणारच. माझ्याकडे त्यांनी बिनतिकिटाच्या पाकिटाकडे बघावं तसं बघितलं. “पाव्हणं, थैलीत जे पत्र शेवटी टाकलं तेच आधी हाताला लागतं. वर आलं म्हंजी खरं असतंय व्हय?”

त्यांना काही विचारणं म्हणजे मुहूर्त काढण्यासारखं होतं. माझी टाच दुखत होती तेव्हा चुकून त्यांच्यासमोर बोलून गेलो. चौथ्या दिवशी फोन. एकतीस निकाल, त्यातले एकोणीस चपला विकणारे, आठ घाबरवणारे, तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं. एक उरला, तो कुणा म्हाताऱ्या गवंड्यानं लिहिला होता: विटेनं शेका. हे बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि टाच तोवर बरीही झाली होती. मी तसं सांगितलं तर म्हणाले, “मग तिची चिठ्ठी करतो,” आणि माझ्या बायकोला कायमचं ‘डोळे झाकून पाठवा’त टाकलं. ती अजून तोऱ्यात असते.

चिक्कीचं प्रकरण तर विचारूच नका. लोणावळ्यातली अस्सल, पहिली, मूळची चिक्की कुणाची, असं कुणीतरी विचारलं. चार दुकानांनी आपापल्या नावापुढे तेच लिहिलेलं. भाऊ बसनं लोणावळ्याला गेले, चारही दुकानांत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला भेटायचंय म्हणून अडून बसले, एका ठिकाणी कुणी आयकरवाला समजून त्यांना दोनदा चहा पाजला. संध्याकाळी चारही चिठ्ठ्या ‘विकणारे’ या एकाच खणात पडल्या. घरात चार पुडे चिक्की, आणि नवराबायको दोघांनाही साखर.

आता माझं. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला पुण्यातल्या एका गृहस्थांचा बंगला आहे, त्याचं पाहुण्यांचं बुकिंग मी बघतो. इथल्या बंगल्यांची नावं सगळी सारखीच. हिल, व्हॅली आणि व्ह्यू हे तीनच शब्द उलटसुलट फिरवलेले. आमच्या फोटोत खिडकीतून नागफणीचा सुळका दिसतो आणि खाली लिहिलंय की गाडी दारापर्यंत जाते. प्रत्यक्षात नागफणी पाण्याच्या टाकीवर चढलं की दिसते, आणि गाडी जिथं थांबते तिथून दारापर्यंत चाळीस पायऱ्या आहेत, त्याही ओबडधोबड. भाऊ स्वतः येऊन मोजून गेले. चिठ्ठी ‘फोटो एक, जागा दुसरी’त. मी म्हटलं, घरचा माणूस आहे मी. ते म्हणाले, पत्रावर नातं बघत न्हाईत, पत्ता बघतात.

एव्हाना भाऊंचं नाव तळेगावच्या सोसायट्यांमधल्या पेन्शनर मंडळींत झालं होतं. कुठं राहायला जावं हे तिकडचे लोक त्यांना विचारल्याशिवाय ठरवत नसत. माझा बंगला रिकामा, आणि हे ‘डोळे झाकून’ दुसऱ्यांची नावं सांगताहेत. एके दिवशी मी गेलो असताना ते चहा सांगायला आत वळले. मी आमची चिठ्ठी उचलली आणि खाली उजवीकडच्या खणात, सगळ्यांच्या वर, ठेवली. चहा आला. मी प्यायलो.

पुढच्याच आठवड्यात तळेगावच्या एका निवृत्त मास्तरांचा भाऊंच्या घरी फोन आला. बायकोचे गुडघे दुखतात, पायऱ्या नसलेली जागा हवी. भाऊ बँकेत गेले होते. ते नसले तर त्याच खणातलं सांगायचं, असं त्यांनी माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, शिकवून ठेवलं होतं. तिनं वरची चिठ्ठी वाचून दाखवली: गाडी दारापर्यंत जाते. मास्तरीणबाई आमच्या बाविसाव्या पायरीवर पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर होईपर्यंत लोणावळ्याच्या दवाखान्यात मीच त्यांच्याजवळ बसलो होतो. त्या कण्हत एकदा म्हणाल्या, तुमच्या साडूंवर विसंबून आलो हो.

भाऊंनी चिठ्ठी काढून पाहिली. मेहुणीला विचारलं, कुणी आलतं का? ती म्हणाली, आपल्या पाव्हण्यांशिवाय कुणी नाही. त्यावर ते म्हणाले, ते काय परके हायेत? हे मला मेहुणीनंच सांगितलं, हसत हसत. मी गेलो तेव्हा ते मांडणीकडे पाठ करून बसले होते.

“अक्षर माझं, हात माझा. आबांनाबी असंच सुरू झालतं, पाव्हणं. आधी वस्तू भलतीकडं जायच्या, मग माणसं.”

आबा म्हणजे त्यांचे वडील. शेवटची तीन वर्षं त्यांनी या मुलाला ओळखलं नव्हतं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, वय झालं की होतं असं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून काही झालेलं नाही असं सांगितलं. भाऊंचा विश्वास बसला नाही. ‘धीर देणारे’ असा नवा खण करून तो अहवाल त्यात टाकला, आणि ती त्यांची शेवटची चिठ्ठी. आता ते गॅस बंद आहे का हे चारचारदा बघतात. मला दार उघडलं की आधी माझं पूर्ण नाव घेतात, आपल्याला आठवतंय ना ते पाहायला. खणांत मेहुणी कांदे-लसूण ठेवते. परवा मी मुद्दाम विचारलं, भाऊ, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं? म्हणाले, मोबाइलला विचारा, मला काय कळतंय. इतकी वर्षं ज्या माणसानं मला वैताग आणला, त्याचं ते गुमान बसणं मला सोसेना.

मास्तरीणबाईंचं मनगट बरं झालं. त्यांची माफी मी जाऊन मागितली, पायऱ्यांबद्दल. चिठ्ठीबद्दल नाही. भाऊंची बुद्धी शाबूत आहे, त्यांचा हात चुकलेला नाही, चिठ्ठी मी हलवली: हे वडगावला जाऊन, मेहुणीदेखत, त्यांच्या तोंडावर सांगणं हे मी त्यांचं देणं लागतो. ते अजून मी सांगितलेलं नाही.