नातीचं माप

माझी मुलगी जळगावला होती आणि मी धुळ्याला. मधे चाळीसगावला गाडी बदलायची, एवढंच अंतर. सकाळी निघालं की दुपारी पोचता येई. तरी माझी नात शाळेत जायला लागली तोवर मी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

माझे पती प्रचारक होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून सायकलवर फिरत, शुभवर्तमान सांगत. ते तापानं गेले तेव्हा मुलगी परकरात होती. मिशनच्या आवारात मुलींचं बोर्डिंग होतं, तिथं मला शिवण शिकवायचं काम मिळालं आणि राहायला दोन खोल्या. त्यातच तिला वाढवलं. ती नर्स झाली आणि जळगावच्या एका दवाखान्यात लागली. तिथं एक म्हातारे व्यापारी आजारी होते, त्यांचा मुलगा रोज त्यांच्या उशाशी बसायचा. पुढचं तुम्ही ओळखालच. साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि मला नंतर कळलं.

त्यांचं घर कापडवाल्यांचं. पूर्वज राजस्थानातून आलेले, बाजारात मोठं दुकान, वर राहतं घर. वर्षभर त्यांनी दोघांना उंबरा ओलांडू दिला नाही. मग मुलीला दिवस गेले तेव्हा सासू स्वतः येऊन त्यांना घेऊन गेली. अट एकच होती. माहेर संपलं असं समजायचं.

हे सांगायला मुलगी धुळ्याला आली. चहासुद्धा घेतला नाही तिनं. दारातच उभी राहून म्हणाली, "आई, तू तिकडे येऊ नकोस. मीच येत जाईन."

"कधी?"

"येईन ना," ती म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरून बराच वेळ उभी राहिली.

ती आली नाही. मी तिला दोष देत नाही. ज्या घरात तिला राहायचं होतं, तिथलं वारं तिलाच माहीत.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भगिनी मंडळाच्या बायका तिच्यासाठी प्रार्थना करत. मोठ्यानं, तिचं नाव घेऊन, हरवलेल्या मेंढरासारखी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मी डोळे मिटून बसायची आणि मनात म्हणायची, प्रभू, ती हरवलेली नाही, जळगावला आहे.

नात झाल्याचं मला तिच्या एका नर्स मैत्रिणीनं सांगितलं. तिचं माहेर धुळ्याचं, सुट्टीला यायची. मी तिच्याबरोबर झबली पाठवली, टोपरी पाठवली, माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी पाठवली. "नेते मी," ती म्हणाली, "पण कुणाकडून ते नाही सांगणार हं, मावशी." मी म्हटलं, नको सांगूस. ज्या घरात कापडाचे तागे छताला टेकलेले, त्या घरात मी चिंध्या जोडून पाठवत होते. माझं मलाच हसू यायचं.

त्या वर्षांत मी सगळं अंदाजानं शिवलं. बोर्डिंगमधली तेवढ्याच वयाची एखादी पोर समोर उभी करायची, तिच्या अंगावर कापड धरायचं आणि बोटभर जास्त सोडायचं. दूध घालायला येणारी बाई उंबऱ्यात टेकायची. "अक्का, कोनासाठे शिवी ऱ्हायनी?" ती विचारायची. मी म्हणायची, नातीसाठी. "कोठे शे तुन्ही नात? कधी दखाडी नही आमले." मी मशीनचं चाक जोरात फिरवायची. हातमशीन होतं माझं, आवाज मोठा करायचं.

आमच्या शास्त्रात, बायबलात, एका आईची गोष्ट आहे. नवसानं झालेला मुलगा तिनं देवाच्या मंदिरात सेवेला ठेवला आणि दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेला. बोर्डिंगच्या मुलींना मी ती किती वेळा सांगितली असेन. पण मुलगी दुरावल्यावर ती मला वेगळीच वाचता आली. वर्षभरात पोर किती वाढलं, हे त्या बाईला कसं कळत असेल? झगा कधी आखूड झाला असेल का? त्याबद्दल तिथं काही सांगितलेलं नाही. आणि तिनं आपला मुलगा आपण होऊन दिला होता. मी काही दिलं नव्हतं, माझ्याकडून गेलं होतं. देणं आणि जाणं यातला फरक मी देवाशी बोलून पाहिला. तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याची मला सवय झाली, तसं माझ्या खोलीत दुसरं कुणी बोलणारंही नव्हतं.

मग त्या नर्सची बदली लांब झाली. नाताळसाठी मी एक फ्रॉक शिवला होता, फिकट पिवळा, छातीवर चुण्या, फुगा बाही. नाताळ गेला, फ्रॉक घडीत पडून. नव्या वर्षाच्या उपासनेहून मी घरी आले, फ्रॉक पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. टेप आणि खडू माझ्या पिशवीत नेहमीच असायचे. चाळीसगावच्या फलाटावर मेन लाइनच्या गाडीची वाट बघताना दोनदा वाटलं, परत फिरावं. फिरले नाही.

दुकान शोधायला त्रास पडला नाही. बाजूच्या जिन्यानं वर गेले. दार उघडंच होतं. आत गादीवर चार-पाच बायका बसलेल्या, त्यांच्या नात्यातल्या असाव्यात, आणि मधे पांढऱ्या लुगड्यातली मुलीची सासू. माझी मुलगी ताटं घेऊन येत होती. मला पाहिलं आणि थांबली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला.

"कोण आहेत?" सासूनं विचारलं.

मुलगी म्हणाली, "धुळ्याच्या शिवणाच्या बाई आहेत. मुलीचे फ्रॉक शिवायला बोलावलं होतं मी."

तिचा आवाज अगदी सरळ होता. हातातली ताटं मात्र तिनं कुणापुढे ठेवली नाहीत, तशीच धरून राहिली.

प्रभू येशूला पकडून नेलं त्या वेळी त्याचा शिष्य शेकोटीपाशी म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तेव्हा प्रभूनं वळून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर दुखावलेली होती, जाब विचारणारी होती, असं मी आयुष्यभर शिकवत आले. त्या दिवशी मीही माझ्या मुलीकडे पाहिलं. खरं सांगते, जाब वगैरे काही मनात आलं नाही. एकच वाटलं, ही आता सगळ्यांसमोर रडली तर हिचं कसं होईल? तेव्हापासून मला वाटतं, प्रभूनंही तसंच पाहिलं असेल. काळजीनं.

मी म्हटलं, "हो. माप घ्यायला आले. मुलगी कुठं आहे?"

नातीला हाक मारली. ती आतून पळत आली. सावळी, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. माझ्यासमोर ताठ उभी राहिली, शिंप्यापुढे उभं राहायची सवय असल्यासारखी. मी गुडघ्यावर बसले आणि टेप काढली. आधी खांदा, मग बाहीची लांबी. छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागून आणावी लागते. त्यासाठी दोन्ही हात तिच्याभोवती घालावे लागले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. टेप पुढे आणली, आकडा पाहिला, पण डोक्यात काही राहिला नाही. पुन्हा हात घातले.

"गुदगुल्या होतात!" ती हसत सुटली.

"हलू नको, बाळ. माप चुकेल."

"तुमच्याकडे गुलाबी कापड आहे?"

"आणीन मी."

पिशवीतला पिवळा फ्रॉक मी नमुना म्हणून दाखवला. घालून पाहिला तर आखूड झाला, काखेत दाटला. गादीवरच्या एक बाई म्हणाल्या, "अंगावर माप न घेता शिवलं की असंच होतं." मी मान डोलावली.

निघताना सासू जिन्यापर्यंत आल्या. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बाई, मुली लवकर वाढतात. पुढच्या वर्षी परत माप घ्यायला यावं लागेल तुम्हाला."

मी दरवर्षी गेले. नाताळ झाला की शिवणाच्या बाई म्हणून जायची. चहा मिळायचा, बसायला पाट मिळायचा. मुलगी स्वयंपाकघरातून पाणी आणून द्यायची, पेला देताना तिची बोटं माझ्या बोटांवर थोडी जास्त वेळ राहायची. तेवढ्यावर माझं वर्ष जायचं. नात मला "बाई" म्हणे आणि फ्रॉक कसा हवा ते हातवारे करून सांगे. परतीच्या गाडीत शेजारच्या बायका विचारत, जळगावला कोण असतं? मी म्हणायची, गिऱ्हाईक.

सासू वारल्या तेव्हा नात मोठी झाली होती, साडी नेसायच्या वयाला आलेली. दिवसपाणी सगळं आटोपल्यावर एके दिवशी मुलगी तिला घेऊन धुळ्याला माझ्या दारात आली. आत येऊन खाटेवर बसली आणि इतक्या वर्षांचं रडली. नात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझं हातमशीन न्याहाळत होती.

"सासूबाईंना माहीत होतं, आई," मुलगी म्हणाली. "पहिल्याच दिवसापासून. जाण्याआधी मला म्हणाल्या, तुझ्या आईला कधी जेवायला थांबवलं नाही आपण."

"मग बोलल्या का नाहीत?"

"मी तरी कुठं बोलले?"

मी वरणभात केला, मिरचीचा ठेचा केला. जेवताना नातीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तुम्हाला काय म्हणायचं आता?" तिनं विचारलं.

"तुझ्या तोंडात येईल ते."

दिवसभर तिनं मला कशानंच हाक मारली नाही. पाणी हवं तर "जरा पाणी" म्हणाली. इतकी वर्षं बाई म्हटलेल्या बाईला एका दुपारीत आजी कसं म्हणणार? त्या पोरीचं बरोबरच होतं.

संध्याकाळच्या एसटीनं त्या गेल्या. आईच्या अटीपुढे मान तुकवलेले जावई आता अडवत नाहीत, वर्षातून एकदोनदा त्या येतात. नातीला तयार कपडे आवडतात, आणि ते तिला शोभतातही. मी भगिनी मंडळासाठी दुपटी शिवते, सरकारी दवाखान्यात कुणाकुणाच्या बाळांना जातात ती. कुठल्या बाळाला कुठलं गेलं, ते मला कळत नाही.

त्या पहिल्या दिवशी त्यांना पोचवून स्टँडवरून परतताना आवाराच्या फाटकाशी आमच्या देवळाचे पाळक भेटले. "कोण पाहुणे होते?" त्यांनी विचारलं.

"माझी लेक आणि नात," मी म्हटलं. एवढं बोलून मी खोलीत आले. तीन ताटं घासायची होती. आभार मानायला गुडघे टेकले, तर आधी रडूच आलं. देवानं वाट पाहिली. मग मी आभार मानले.