कोठीमागचं अंडं

"स्वराचा दाखला द्या," आबा म्हणाले. "आजच पायजे."

सोमवारची सकाळ. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये पंखा गरगरत होता आणि मी दाराशी उभी होते. आबा म्हणजे माझ्या पहिलीच्या वर्गातल्या स्वराचे आजोबा. चितेगावच्या पुढे शेती, दोन्ही मुलगे कंपनीत, घर एकत्र. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. परीक्षा तोंडावर असताना तो कुणी मागत नाही. मागितला की समजायचं, भांडण आहे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. 'सांगितलं होतं ना तुला.'

झालं होतं असं, की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी वर्गात ईस्टर शिकवला होता. आमच्याकडे दिवाळी, ईद, नाताळ सगळे सण शिकवतात. नाताळ सोपा. तारा, बाळ, केक. ईस्टर अवघड, कारण त्यात मरण आहे. मी एवढंच सांगितलं की येशूला लोकांनी मारलं, थडग्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला.

"मिस, म्हणजे भूत?" समीरने विचारलं.

भूत नाही, म्हटलं. त्याच्या मित्रांनाही आधी खरं वाटलं नव्हतं. मग अंडं दाखवलं. बाहेरून दगडासारखं, पण आतून पिल्लू निघतं. म्हणून ईस्टरला अंडी रंगवतात, लपवतात आणि शोधतात.

केमिकल रंगांना मॅडमची मनाई. होळीनंतर एका आईने पुरळाचे फोटो पाठवले होते. म्हणून मी अंडी हळदीच्या पाण्यात उकडली आणि वर चित्र काढायला कुंकू कालवून दिलं. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना बटाटा. मग ते डब्यातून घरी. याला आम्ही टेक-होम ॲक्टिव्हिटी म्हणतो, म्हणजे शाळेतला खेळ घरीही खेळायचा. रविवारी अंडं लपवायचं, तोवर कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. ज्याला सापडेल त्याने 'हॅपी ईस्टर' म्हणायचं. मगच खेळ संपला.

एरवी असं काही असलं की पालकांच्या ग्रुपवर मेसेज जातो. मी लिहिलाही होता. मॅडम म्हणाल्या, "धर्माचं काही ग्रुपवर नको. लोक स्क्रीनशॉट काढतात." मलाही पटलं. इतकी वर्षं शिकवल्यावर माझाही पालकांवर फारसा विश्वास उरलेला नाही.

आता आबांसमोर मॅडम सावध सुरात म्हणाल्या, "ईस्टरवरून काही नाराजी आहे का?"

"ते काय असतं?" आबा म्हणाले.

मग तेच सांगायला लागले. मोठ्या मुलाचा मुलगा आठ दिवस तापाने फणफणलेला. पौर्णिमा नुकतीच झालेली. आणि रविवारी त्याच्याच खोलीत, धान्याच्या कोठीमागं, उतारा सापडला. ओवाळून चव्हाट्यावर टाकतात तो उतारा. तो घरात सापडला म्हणजे कुणीतरी घरातल्यानेच करणी केली.

"हळदीचं अंडं, वर कुंकू. मीच चिमट्यानं उचललं अन् पाटाच्या पाण्यात सोडलं. मोठी सून म्हणती, हे धाकटीचंच काम. आता धाकटी निघाली माहेरी, वैजापूरला. पोरगी तिच्यासंगं. बाहेर रिक्षात बसल्यात दोघी."

"आबा, ते अंडं आमचं आहे. शाळेचं."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुमची अन् धाकटीची लई गट्टी हाय, ठावं हाय मला. तिला वाचवाया बोलताय."

"मग स्वराला विचारा."

"इचारलं की! पोरगी तोंड उघडंना. इथं आणा तिला. पण तुम्ही पढवायचं नाय."

स्वराला आत आणलं. डोळे सुजलेले. आबांनी विचारलं, अंडं कुणी ठेवलं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी बोलले असते तर पढवलं ठरलं असतं.

"बोल की गं," आबा खेकसले.

"अजून खेळ संपला नाय," ती पुटपुटली. "ज्याला सापडतं त्यानं म्हणावं लागतं."

"काय म्हणावं लागतं?"

तिने नुसती मान हलवली. शेवटी मीच आबांना ते दोन शब्द सांगितले. आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे म्हणलं की माणूस कोण होतो?"

"कोणी होत नाही हो," मॅडम म्हणाल्या. आणि उठून केबिनचं दार लावून घेतलं.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्यापी इस्टर."

स्वराने टाळ्याच वाजवल्या. "आबा, तुम्हाला सापडलं! मीच ठेवलं होतं. वर मनीमाऊ काढली होती. एकच कान झाला, दुसऱ्याला जागाच उरली नाय."

आबांचा चेहरा उतरला. "एक कान," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, मंत्राची खूण हाय. त्या खुणेचं कुणालाच सांगितलं नव्हतं मी, म्हंजी पढवलेलं नाय."

"पण त्याच्या खोलीत का ठेवलंस गं?" मी विचारलं.

"दादाला ताप हाय ना. त्याला लांब जाता येत नाय. मग त्यानं कुठं शोधायचं?"

मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आबा बाहेर गेले. मागून स्वराला घेऊन मीही. रिक्षात स्वराची आई मांडीवर बॅग घेऊन बसली होती. आबा म्हणाले, "चल घरी. पोरीची परीक्षा बुडंल." माफी म्हणून त्यांना एवढंच जमलं.

ती उतरली नाही. "आबा, पोरगी बोलली म्हणून मी खरी ठरले. नसती बोलली तर?"

आबांनी स्वराला उचलून तिच्या शेजारी बसवलं. मग रिक्षा चितेगावच्या दिशेने वळली, आबा पुढे ड्रायव्हरशेजारी.

दादाचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला. मोठ्या सूनबाई आजही स्वराच्या आईशी कामापुरतंच बोलतात, असं ऐकते. संशय शिरायला फट पुरते, निघायला अख्खं दारही अपुरं पडतं.

या वर्षी मी ईस्टरचा मेसेज ग्रुपवर आधी टाकला आणि मॅडमना मग सांगितलं. अंडी बंद, सगळ्यांना बटाटे. बटाट्याचा उतारा मी अजून तरी ऐकलेला नाही.