इसार दिलेलं पिल्लू

कुत्रं कुणी पैसे देऊन घेतं का? आमच्या शिरूर कासारकडं हा प्रश्न विचारलात तर लोक आधी हसतील आणि मग तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना, याची चौकशी करतील. बैल विकत घ्यावा, म्हैस घ्यावी, शेळी घ्यावी. कुत्रं आपणहून येतं, दारात बसतं आणि आपलं होतं. मी ते विकत घ्यायला निघाले आणि हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. माझी निम्मी फसवणूक मी तिथंच करून ठेवली होती.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. लग्न आधी जमलं नाही, पुढं जमत होतं तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते, म्हणून मीच नको म्हटलं. वडील जाऊनही आता सहा वर्षं झाली. गावात सगळे मला बाई म्हणतात आणि जरा बिचकून असतात, कारण माझं तोंड. कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही. "बाईच्या तोंडी लागू नगा" हे मी माझ्या पाठीमागं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि खरं सांगते, मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

दिवाळी झाली की आमचं गाव ओस पडतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं चढतं आणि कारखान्याच्या वाटेला लागतं. मागं म्हातारी माणसं राहतात, आणि मी. नोकरीत होते तेव्हा एवढं जाणवायचं नाही. शाळा निम्मी रिकामी व्हायची, पण निम्मी असायची. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात कळलं की दुपारी तीन वाजता गावात काही म्हणजे काही वाजत नाही. बाहेरून येऊन कुलूप उघडावं आणि भाकरीची टोपली जाताना ठेवली होती तिथंच, तशीच असावी, याचा मला राग यायचा. मांजरानं सांडून ठेवली असती तरी चाललं असतं.

एक गावठी कुत्रं मी सहा महिने पोसलं होतं. पिवळट, एक कान पडलेला. माझ्या ओट्यावर झोपायचं, नळावर गेले तर मागं यायचं. मला वाटलं, झालं आपलं. टोळीचा ट्रक आला त्या दिवशी ते खालच्या आळीतल्या एका बिऱ्हाडामागं गेलं आणि कुणी न बोलावता गोधड्यांवर उडी मारून बसलं. मी हाक मारली. त्यानं माझ्याकडं बघून शेपूट हलवलं आणि तिथंच बसून राहिलं. ते त्यांचंच होतं, माझ्याकडं नुसतं जेवायला होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आवं बाई, कुत्र्याचं काय वाईट वाटून घ्येता? दुसरं यील की." मला दुसरं येणारं नको होतं. माझ्या घराशिवाय दुसरं घर ज्याला माहीतच नाही, असं मला हवं होतं.

तर मोबाईलवर जाहिरात दिसली. लॅब्राडोर जातीचं दीड महिन्याचं पिल्लू, आणि खाली लिहिलेलं, सरकारी नोकरीत बदली झाल्यामुळं चांगल्या घरी देणे आहे. बदलीचं दुःख मला कुणी शिकवायला नको. आष्टीकडं बदली झाली तेव्हा दारातली तुळससुद्धा मी दुसऱ्याच्या हवाली करून गेले होते. किंमत बाजाराच्या निम्म्याहूनही खाली. फार स्वस्त दिसलं की आधी थांबावं, हे मी वर्गातल्या चाळीस पोरांना झोपेतही शिकवलं असतं.

फोन केला. माणूस गोड बोलणारा. दोन मिनिटांत म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजावरूनच कळतं, तुम्ही त्याला जीव लावणार." असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या आवाजावरून लोकांना भलतंच काहीतरी कळतं. मी विरघळले. तो म्हणाला, अजून तीन जण मागं लागलेत, थोडे पैसे आत्ता पाठवलेत तर तुमच्यासाठी राखून ठेवतो.

आता इथं माझ्या वडिलांविषयी सांगायला पाहिजे. ते हेडी होते, म्हणजे बैलांचे सौदे करणारे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे आणि ठरला की लगेच इसार, म्हणजे सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम, द्यायचे. त्यांचा एक नियम होता. इसार दिला की जनावर आपलं. ते विकणाऱ्याच्या दावणीला उभं असलं तरी वैरण आपली आणि पाणी आपलं. एकदा गेवराईकडच्या बैलाला इसार देऊन आले आणि नदीला पाणी आल्यामुळं चार दिवस जाता आलं नाही. पाचव्या दिवशी पोचले ते आधी चार दिवसांच्या कडब्याचे पैसे त्या मालकाच्या हातात कोंबले, मगच बैलाला हात लावला. मालक नको नको म्हणत होता. "आमच्या बैलानं तुमचं कावून खावं?" म्हणाले. मी तेव्हा सोबत होते. मला ते फार मोठे वाटले.

मी इसार पाठवला. पिल्लू माझं झालं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच माणसाचा फोन आला. हा म्हणे वाहतुकीचा. पिल्लाला खास पिंजरा लागतो, त्याची अनामत भरा, पिल्लू हातात पडलं की परत मिळेल. भरली. पैसे ज्याच्या नावावर जात होते ते नाव ना ह्याचं होतं ना पहिल्याचं. ते मला दिसलं होतं बरं का, आंधळी नव्हते मी. दिसलं आणि मी पुढं गेले. मग परत त्याचाच फोन, गाडी नगरला अडवली, लशीचा दाखला नाही. मी म्हटलं, हे तुम्ही आधी बघायचं होतं! चांगली झाडायला सुरुवात केली होती. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, सकाळपासून पिंजऱ्यात आहे हो ते. कागद झाल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही. पाणीसुद्धा पाजता आलं नाही."

झालं. माझं तोंड बंद. माझ्याविषयी त्याला काही माहीत नव्हतं, सगळ्यांनाच तो हे ऐकवत असणार. पण हेड्याच्या लेकीला ते बरोबर लागलं. इसार दिलेलं जनावर तहानलेलं! पैसे पाठवले आणि फोनवर ओरडले, "आधी पाणी पाजा त्याला!" दुपारपर्यंत मीही पाणी प्यायले नाही. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण खरी आहे.

असं सहा दिवस चाललं. रोज सकाळी फोन, रोज नवीन अडचण. त्याच्या तोंडी मॅडमची आता मावशी झाली होती. मी गोणपाट धुऊन वाळत घातलं, एक खोलगट ताटली वेगळी काढली. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "गोणपाट कशाला धुतलंय बाई?" म्हटलं, पाय पुसायला. आणि हेही सांगून टाकते, नाहीतर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही. त्या सहा दिवसांत मी खुशीत होते. काळजी होती, चिडचिड होती, पण सकाळी उठायला काम होतं. कुणीतरी माझ्याकडं यायला निघालेलं होतं.

सातव्या दिवशी कळवलं, पिल्लू आजारी पडलंय, सलाईन लावायचंय. मी म्हटलं, आधी मला आत्ताचा व्हिडिओ पाठवा, पुढ्यात पाणी ठेवून. अर्ध्या तासानं आला. स्टीलच्या वाटीतलं पाणी लपालपा पिणारं पिल्लू. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. पदरानं डोळे पुसत परत बघितलं, परत बघितलं. चौथ्यांदा बघताना वडिलांचं बोलणं आठवलं. "तोंड बघून जनावर घेऊ नये पोरी, तोंड समद्यांचंच गोड असतंय. पाय बघ." पाय बघितले. ह्या पिल्लाची नखं पांढरट, गुलाबी. मी घाईनं त्यांनी आधी पाठवलेले फोटो उघडले. जाहिरातीतल्या पिल्लाची नखं काळीभोर. काळं नख आठ दिवसांत पांढरं होत नाही. मधल्या एका फोटोतल्या पिल्लाच्या छातीवर पांढरा ठिपका होता, तो बाकी दोघांना नव्हता. तीन वेगळी पिल्लं! आणि मी इतके दिवस तिघांची तोंडं एक धरून चालले होते.

त्या वाहतुकीवाल्याला फोन लावला. म्हटलं, व्हिडिओ कॉल करा. कॅमेरा बिघडलाय. म्हटलं, बरं, मी एसटीनं नगरला येते, कुठं उतरू ते सांगा. मग म्हणे, "मावशी, बाहेरच्या माणसांना आत परवानगी नाही." वासरू बघायचं तरी आपण चार कोस चालत जातो, त्याला चालवून बघतो, पाठीवरनं हात फिरवतो, मग खिशात हात घालतो. माझे वडील जिवंत असते तर माझ्या तोंडाकडं बघितलं नसतं त्यांनी. मी त्या माणसाला नखांपासून सुरुवात करून जे काय झोडपलं, ते पूर्ण वर्गानं ऐकावं असं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "कुत्रंबित्रं काही नाही, म्हातारे. ठेव फोन."

सहा दिवसांत मॅडमची मावशी, आणि एका वाक्यात मावशीची म्हातारी. पण देवाशपथ, आधी मला हायसं वाटलं. म्हणजे कुणी तहानलेलं नव्हतं. बाकीचं सगळं त्यानंतर वाटलं. गोणपाट घडी करून आत ठेवताना वाटलं.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तसंही बोलायला कोण होतं! तिसऱ्या दिवशी तीच जाहिरात परत दिसली. नाव दुसरं, गाव दुसरं, बदली तीच, आणि काळ्या नखांचं पिल्लू तेच. म्हणजे आता दुसऱ्या कुणाच्या तरी घशाला कोरड पडणार होती. डोकं फिरलं. साडी बदलली आणि एसटीनं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले.

हवालदार माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. बाकावर बांधाच्या भांडणावरून आलेले दोन शेतकरी बसले होते. हवालदारानं विचारलं, "काय इकत घेतलं म्हंता?"

"कुत्र्याचं पिल्लू."

बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. एकजण हसू दाबत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं टोपी नीट केली.

हवालदार माणूस बरा होता. म्हणाला, "त्याच दिशी आला असता तर बरं झालं असतं बाई. पैसे फुडं सरकायच्या आत खातं थांबिवता येतंय. कावून थांबलात?"

"लाज वाटली," म्हटलं.

"लई जणांना वाटती. त्यावरच तर त्यांचं चालतंय," म्हणाला आणि लिहायला लागला. मी तारखा सांगितल्या, नंबर सांगितले, फोटो दाखवले. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "पिल्लू कशाला पायजे होतं? घराच्या राखणीला ना?"

त्यानं उत्तर माझ्या हातातच दिलं होतं. मी हो म्हटलं. कुत्रं राखणीलाच असतं. बाकावरच्यांनीही माना डोलावल्या.

सगळं लिहून झाल्यावर त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. "सदर पिल्लू मला घराचे राखणीकरिता पाहिजे होते." पेन माझ्या हातात दिलं. मी टेकवलं आणि सही होईना. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघ मारली, खोटं लिहिलेलं परत लिहायला लावलं. आणि राखायचं काय होतं माझ्या घरात?

"हे बरोबर नाही," म्हटलं. "खोडा."

"मंग काय लिवू?"

बाकावरचे दोघं ऐकत होते. दारातला शिपाईसुद्धा थांबला होता. म्हटलं, "लिहा, घरात दुसरं कुणी नाही. एकटीला घर खायला उठतं. सोबतीला पाहिजे होतं."

हवालदार जरा पुढं वाकला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्यानं केसला काय फरक पडत न्हाई. ऱ्हाऊ द्या की राखणीचं."

"केसला पडत नसेल," म्हटलं. "तुम्ही लिहा."

त्यानं ती ओळ खोडली, वरच्या जागेत बारीक अक्षरात दुसरी लिहिली आणि नियमाप्रमाणं पहिल्यापासून परत वाचून दाखवली. त्या ओळीशी आला तेव्हा त्याचा आवाज जरा उतरला, पण त्यानं एकही शब्द गाळला नाही. बाकावर कुणी हसलं नाही. माझ्या घरातली गोष्ट परक्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बराबर हाय का?" त्यानं विचारलं.

"बरोबर आहे," म्हटलं, आणि सही केली.